कलम चौदा, जेवणानंतर

१२ जानेवारी, सोमवार

डोरीन म्हणाली, वही ठेव. "पंच झालीस ना, आता लोक तुझ्या तोंडी वाट्टेल ते घालतील. काय बोललीस, काय केलंस, लिहून ठेवत जा." डोरीन आमच्या गावची क्लार्क. जन्म, मृत्यू, कुत्र्यांचे परवाने आणि कोणाचं कोणाशी पटत नाही, या सगळ्याची एकोणतीस वर्षांची नोंद तिच्याकडे आहे. तिचं ऐकलेलं बरं असतं.

तर लिहिते. आर्लीन पेटेंगिल, वय सदुसष्ट, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त. गेल्या मार्चपासून ईस्ट टॅल्मनच्या तीन पंचांपैकी एक. माझा नवरा रॉइस गेला आणि दोन महिन्यांत मी उभी राहिले. लोक म्हणाले, दुःख विसरायला उभी राहिली. कसलं काय. रस्त्यातले खड्डे बघवत नव्हते म्हणून उभी राहिले.

आज बजेटची तिसरी बैठक, आणि आज पुलाचा विषय निघाला. टॅनरीच्या ओढ्यावरचा आमचा पूल जुलैच्या पुरात वाहून गेला. राज्य सरकारने तात्पुरता लोखंडी सांगाडा टाकून दिलाय, तो ते एक जूनला उचलून नेणार. नवा बांधायचा तर बराचसा खर्च सरकार देईल, तरी गावाच्या वाट्याला एक लाख अठरा हजार डॉलर येतात. म्हणजे दोन लाखांच्या घराला घरपट्टीत दोनशे वीस डॉलरची वाढ. नाही बांधला तर रस्ता ओढ्याशी संपला. पुढे बर्फ काढायची गाडी जाणार नाही, अँब्युलन्स जाणार नाही.

पुलापलीकडे घर एकच आहे. माझ्या सख्ख्या भावाचं.

वेंडेल एकोणऐंशी वर्षांचा आहे. बायको जाऊन अकरा वर्षं झाली. टेकडीवर एकटा राहतो, चारशे मेपलच्या झाडांचा रस काढून उकळून त्याचा पाक करतो, आणि फोन वाजला तर तिसऱ्या दिवशी उचलतो.

क्लेटन म्हणाला, "आर्लीन, भावाचा प्रश्न आहे, तू बाजूला बसतेस का?" क्लेटन आमचा दुसरा पंच. विमा विकतो. हातमोजा हरवला तर उरलेल्या मोज्याची गिऱ्हाईकं शोधेल असा माणूस. मी म्हटलं, बसायची गरज नाही, मी पुलाच्या विरोधातच आहे. एका घरासाठी सगळ्या गावाने का भरायचं? क्लेटनचा चेहरा बघण्यासारखा झाला. भावाच्या विरोधात बोलणाऱ्या पंचावर पक्षपाताचा आरोप कोण करणार? शेवटी कायदा म्हणतो तेच ठरलं. मार्चच्या ग्रामसभेत प्रश्न मांडायचा, गाव हात वर करेल तसं.

वेंडेलची काळजी नाही. माझ्याकडे मागची खोली आहे.

२१ जानेवारी, बुधवार

मागची खोली साफ केली. रॉइसची मासेमारीची सगळी सामग्री तिथे पडली होती, ती तळघरात नेली. पडदे बर्लिंग्टनहून आणले, जाड, निळे. हे सगळं कधीतरी करायचंच होतं. बजेटचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुपारी सूप पुन्हा जास्त झालं. मला अजून चार वाट्यांहून कमी करायचा अंदाजच येत नाही. शाळेत दीडशे पोरांचं करत होते, त्याची सवय. टीव्ही बघत जेवले. कोणीतरी बोलत असलं की जेवण उतरतं.

२६ जानेवारी, सोमवार

सभेची नोटीस लिहायचं काम यंदा माझ्याकडे आहे. ग्रामसभेत जे मतदानाला येणार ते आधी महिनाभर नोटिशीत लिहून लावावं लागतं, कलमवार. रस्ते आणि पूल नेहमी पाचव्या कलमात असतात, सकाळी. आमचा बाप पंच होता तेव्हापासून.

मी पूल वेगळा काढला आणि चौदावा टाकला. शेवटचा.

कारण सरळ आहे. अवघड विषय सकाळी घेतला की वाद होतो, मग वाचनालयाचं छप्पर आणि अग्निशमन दलाची गाडी राहून जाते. अवघड विषय शेवटी, शांतपणे.

डोरीन टाईप करत होती. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "चौदा? म्हणजे जेवणानंतर."

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि पुढे टाईप करू लागली. डोरीनचं 'बरं' मला कधी आवडलेलं नाही.

आता वहीत खरं लिहायचं तर जेवणानंतर टेकडीवरचे लोक थांबत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोणाला तीनला गाईंचं दूध काढायचं असतं, कोणाचा रस सुटलेला असतो. दुपारी उरतात ती गावठाणातली पेन्शनवाली मंडळी. टेकडीवाले पुलाला 'हो' म्हणतील, कारण आज वेंडेलचा पूल, उद्या त्यांचा. गावठाणातले 'नाही' म्हणतील, कारण त्यांना दोनशे वीस डॉलर दिसतात. पण ज्याला गावाची पर्वा आहे त्याने थांबावं. मी कोणाला हाकललं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

नोटीस तीन ठिकाणी लावली. हॉलचं दार, पोस्ट, दुकानाचा ओटा. ओट्यावर शेवटची टाचणी टोचत होते तेवढ्यात मागे वेंडेल. तो शुक्रवारी कॉफी आणि वर्तमानपत्र न्यायला उतरतो.

त्याने खिशातून चष्मा काढला आणि नोटीस वरून खालपर्यंत वाचली. तो सगळंच असं वाचतो, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. मग चष्मा खिशात ठेवला.

"चौदा कलमं. बरीच आहेत," म्हणाला.

"यंदा कामं बरीच आहेत."

"जेवणाला घेवडा आणतो. नेहमीसारखा."

एवढंच बोलला. कलम कुठे टाकलंय याचा अर्थ त्याला लागला नाही. भोळा आहे, पहिल्यापासून. लहानपणी मी त्याच्या वाटचा केक खायची आणि उंदरांवर ढकलायची, तो दोन-दोन दिवस उंदराचं बीळ शोधायचा.

८ फेब्रुवारी, रविवार

वर जाऊन आले. सांगाड्यावरून गाडी नेताना सगळं खडखडतं, जीव मुठीत धरावा लागतो. वेंडेल रसाच्या बादल्या धूत होता. मी विषय काढला की बाबा, पूल नाही झाला तर काय. गुडघे बघ आपले. लाकडं फोडायचं हे वय आहे का. माझ्याकडे खोली आहे, पलंग मागवलाय, न्हाणीघर त्याच मजल्यावर आहे.

तो बादल्या धूत राहिला. मग म्हणाला, "तू नीट जेवतेस ना?"

"मी काय जेवत नाही? माझ्याकडे बघून तसं वाटतं?"

"नाही, आपलं विचारलं."

असा माणूस. आपण पुलाचं बोलावं, त्याने जेवणाचं विचारावं. मला इतका राग आला की निघताना हातमोजे तिथेच विसरले. ते न्यायला परत गेले तर त्याने त्यांच्यासोबत पाकाची बरणी ठेवली होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

पलंग आला. आधी भिंतीला लावला, मग दाराशी, मग खिडकीपाशी, टेकडीकडे तोंड करून. एकटीने तीनदा सरकवला, कंबर धरली आहे. तरी बसवत नाही. काल पायऱ्यांवरचं बर्फ तीनदा काढलं, तिसऱ्यांदा तर बर्फ नव्हतंच. गाडी काढून पोस्टापर्यंत जाऊन आले, पोस्टात काम नव्हतं.

सभेला नऊ दिवस.

४ मार्च, बुधवार

काल सभा झाली. काल लिहायला बसले आणि उठले. आज लिहिते.

दहाला एकशे अठ्ठेचाळीस माणसं होती. ऊन कडक, छपरावरून पाणी ठिबकत होतं. आदल्या रात्री गोठलेलं, दिवसा वितळणारं, म्हणजे रस सुटायचा दिवस. टेकडीवाले डावीकडे शेगडीजवळ, गावठाणातले उजवीकडे, जसे माझ्या जन्माआधीपासून बसतात तसे. वेंडेल तिसऱ्या रांगेत कडेला. तो अठ्ठावन्न वर्षं सभेला येतोय आणि सबंध दिवसात एकच शब्द बोलतो, अनुमोदन. कोणी ठराव मांडला की सभापती ऑर्डवे त्याच्याकडे बघतो, वेंडेल म्हणतो "अनुमोदन", आणि काम पुढे सरकतं. पोरं त्याची नक्कल करतात.

सकाळी नऊ कलमं झाली. वाचनालयाच्या छपरावर चाळीस मिनिटं. कुत्र्याच्या परवान्याचे दोन डॉलर वाढवायचे की नाही यावर अर्धा तास, त्यात तिघं रागावून उठून गेले आणि फळं भरून भाजलेली गोड पाई खायला परत आले. बारा वाजता जेवण. हॅम, वेंडेलचा पाक घालून भाजलेला घेवडा, अठरा जातींच्या पाई.

मार्सेल लाबाउंटी ताट घेऊन माझ्याकडे आला. पन्नास गाई आहेत त्याच्या, वेंडेलच्या खालच्या वळणावर. "आर्लीन, पुलाचं आधी घे ना. मला तीनला गोठ्यात असायला लागतं."

मी म्हटलं, "नोटिशीत आहे तसं चालेल. क्रम बदलायचा तर सभेत ठराव मांड."

"मांडतो की," तो म्हणाला आणि वेंडेलकडे वळला. वेंडेल समोरच बसला होता, तोंडात सफरचंदाची पाई. त्याने मार्सेलकडे बघून मान हलवली. नको म्हणून. मार्सेलने खांदे उडवले आणि टोपी घातली. वेंडेलला तंटा नको असेल. तो कधीच तंट्यातला नव्हता.

मी ताट घेऊन खिडकीशी उभी राहिले. एकोणीस गाड्या गेल्या. मोजायच्या म्हणून मोजल्या नाहीत, मोजल्या गेल्या.

चौदावं कलम तीन वीसला आलं. हॉलमध्ये जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी डोकी. क्लेटनने ठराव वाचला. टॅनरीच्या ओढ्यावरील पुलासाठी गावाने एक लाख अठरा हजार डॉलर उभारावेत काय. ऑर्डवे सवयीने वेंडेलकडे बघून थांबला.

वेंडेल मांडीवरच्या टोपीकडे बघत होता.

"अनुमोदन आहे का?" ऑर्डवेने विचारलं. शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. सगळा हॉल वळून वेंडेलकडे बघत होता. "दुसऱ्यांदा विचारतो. अनुमोदन?" तिसऱ्यांदा विचारलं आणि कोणी बोललं नाही की कलम तिथेच मेलं, चर्चासुद्धा नाही. मला तेच तर हवं होतं.

"अनुमोदन," कोणीतरी म्हणालं. तो माझा आवाज होता.

क्लेटनने माझ्याकडे अशी मान वळवली की तिला वंगण लागावं. मी त्याला खालच्या आवाजात म्हटलं, रीत म्हणून. चर्चा व्हायला नको का?

चर्चा कसली. पोस्टातून निवृत्त झालेला नॉर्मन हसी उभा राहिला. म्हणाला, "वेंडेलबद्दल माझं काही म्हणणं नाही, सोन्यासारखा माणूस आहे. पण माझी पेन्शन वाढत नाही आणि पट्टी दर वर्षी वाढते. एका घरासाठी मी किती वर्षं भरायचं?" चुकीचं काहीच बोलला नाही. डाव्या बाजूला उत्तर द्यायला कोणी उरलं नव्हतं. ऑर्डवेने वेंडेलला विचारलं, काही म्हणायचंय का. तो म्हणाला, "नाही, चालू दे."

हात मोजले. बाजूने चौतीस. विरोधात एक्केचाळीस. त्या एक्केचाळिसांत तिसऱ्या रांगेत कडेचा एक हात होता, कोटाची बाही फाटलेली, ती मीच नाताळात शिवून देते म्हटलं होतं. वेंडेलने स्वतःच्या पुलाच्या विरोधात मत दिलं.

माझा हात दोन्ही वेळा खालीच राहिला. कमरेमुळे असेल.

जाताना तो हंडा दाखवून म्हणाला, "सगळा संपला बघ घेवडा." बाकी काही नाही. कंजूष आहे, आमच्या माहेरच्या बुशी घराण्यातलाच, स्वतःवरसुद्धा गावाचा पैसा खर्च होऊ देणार नाही. असंच असणार.

सगळं मनासारखं झालं.

८ मार्च, रविवार

वेंडेल खोली बघायला आला. पलंगावर बसून गादी दाबून पाहिली. कपाटाचे खण ओढून पाहिले. म्हणाला, पडदे छान आहेत. मी दोघांसाठी कोंबडी भाजली होती. बऱ्याच दिवसांनी अंदाज बरोबर आला.

जेवण झाल्यावर तो परत खोलीत गेला आणि खिडकीशी उभा राहिला.

"इथून टेकडी दिसते," म्हणाला.

"दिसते ना. मुद्दाम त्या बाजूला तोंड करून लावलाय पलंग."

त्याने पडदा बाजूला सारला. मग म्हणाला, "आर्ली, हा उलटा लावूया का? रोज उठून बघवायची नाही."

आम्ही दोघांनी पलंग उलटा केला. तो गेल्यावर मी भांडी घासली आणि घासलेली पुन्हा घासली.

९ मार्च, सोमवार

मार्सेल आला होता. आत ये म्हटलं तर आला नाही, गमबूट चिखलाचे होते. दारातच उभा राहून बोलला.

"चाळीस वर्षं पूल सकाळी असतो."

"यंदा कामं जास्त होती."

"आर्लीन, माझ्याशी बोलतेस. गाई घड्याळ बघून दूध देतात हे तुला कोणी सांगायला हवं का? टेकडीवरच्या गोठ्यातच वाढलीस तू. लहानपणी माझ्याआधी दूध काढायला शिकलीस."

मी त्याला म्हटलं, नोटीस कायद्याप्रमाणे होती, महिनाभर लागली होती, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि घरात स्वयंपाक पडलाय. स्वयंपाक काहीही पडला नव्हता.

"कायद्याप्रमाणे होती, खरंय," तो म्हणाला. "म्हणून तर जास्त वाईट वाटतं." आणि गेला.

मला वाटलं होतं की त्याला चांगलं सुनावल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं. दारातला त्याच्या बुटांचा चिखलसुद्धा अजून पुसलेला नाही.

१० मार्च, मंगळवार

वर गेले. हे नीट लिहायचं आहे.

वेंडेल रस उकळायच्या खोपटात होता. काहील उकळत होती, वाफेत माणूस दिसत नव्हतं, नुसता आवाज. "दार लाव, ऊब जाते," म्हणाला. मी दार लावलं आणि कोट न काढताच बोलले, कारण काढला असता तर बोलले नसते.

"वेंडेल, चौदा नंबर मी टाकला. मुद्दाम टाकला. टेकडीवाले निघून जावेत म्हणून."

"माहितीये," वाफेतून आवाज आला.

"काय माहितीये?"

"दुकानाच्या ओट्यावर वाचलं तेव्हाच कळलं. अठ्ठावन्न वर्षं त्या हॉलात बसतोय, आर्ली. पूल कधी जेवणानंतर आलाय?"

मग एकदम सगळंच बाहेर आलं. "मग बोलला का नाहीस? मार्सेलला का अडवलंस? अनुमोदन का नाही दिलंस? आणि वर हात कशाला केलास, स्वतःच्या मुळावर?"

त्याने झाऱ्याने फेस काढला, डब्यात झटकला. त्याला घाई कधीच नसते.

"मला वाटलं, आपली आर्ली गावाशी लबाडी करते म्हणजे तिला त्या घरात फारच जड जात असणार. तू मागणाऱ्यातली नाहीस. रॉइसला पुरून आलो त्या दिवशीसुद्धा तूच लोकांना वाढत होतीस, तुला कोणी बसवू शकलं नाही. तर म्हटलं, जाऊया खाली. माझ्या एका हाताने होत असेल तिचं काम, तर होऊ दे."

मी लाकडांच्या ढिगावर बसले. म्हणजे भोळं कोण, ते मला साठ वर्षांनी कळलं. उंदराचं बीळ तो खरंच शोधत होता की काय, तेही आता विचारायला हवं.

"घर खायला उठतं मला, वेंडेल," मी म्हटलं. "सकाळी उठावंसं वाटत नाही. दोन माणसांचं सूप करते आणि टीव्हीतल्या माणसांना वाढायचं बाकी ठेवते. रॉइसचा खोकला ऐकू येत नाही म्हणून झोप येत नाही. चौदा महिने झाले." हे मी कोणाला बोलले नव्हते, या वहीलासुद्धा नाही. नाक गळत होतं, वाफ होती म्हणून चाललं.

वेंडेल झारा ठेवून माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "तेवढंच सांगायचं होतंस की. त्यासाठी सगळ्या गावाला मतदानाला कशाला बसवलंस?"

मला हसू आलं आणि मग थांबवताच येईना. तोही हसला, दात नसलेल्या बाजूने. पत्र्याच्या कपात गरम पाक दिला, तोंड भाजलं माझं.

निघताना म्हटलं, "मी हे निस्तरणार आहे."

"मला खाली यायला अडचण नाही."

"तुला नाही. मला आहे. तू त्या खिडकीला पाठ करून झोपणार, आणि मी शेजारच्या खोलीत कोंबडी भाजत बसणार. तसलं जेवण मला नको."

१८ मार्च, बुधवार

मत फिरवून पुन्हा घ्यायचं तर गावातल्या शंभरातल्या पाच मतदारांच्या सह्या लागतात, सभेपासून तीस दिवसांत. आमचे मतदार सहाशे वीस. सह्या एकतीस.

मार्सेलकडे पहिली मिळेल हे ठाऊक होतं, म्हणून मी त्याच्याकडे शेवटी गेले. आधी गावठाण. प्रत्येक दारात तेच सांगायचं. नोटीस मी लिहिली, क्रम मी बदलला, का बदलला तेही. पहिल्या दारात कागदावरून वाचलं. दहाव्या दारापर्यंत पाठ झालं. दोघांनी तोंडावर दार लावलं. एकीने बसवून तासभर स्वतःच्या नवऱ्याचं सांगितलं, तो सहा वर्षांपूर्वी गेला, ती अजून त्याची पायताणं उचलत नाही. तिचं घर माझ्या घरापासून चौथं आहे आणि मला याचा पत्ता नव्हता.

नॉर्मन हसीने चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, "मी तेव्हाही 'नाही' दिलं आणि परत 'नाही'च देणार."

"दे की. मी 'हो' म्हण म्हणायला आले नाही."

"पण जिंकायचं तर सगळे हजर असताना जिंकावं. आण तो पेन." त्याची सही सातवी.

क्लेटन म्हणाला, "पंचानेच पंचांच्या सभेविरुद्ध अर्ज करायचा? हे म्हणजे आपलाच पाय आपणच ओढायचा झाला, आर्लीन. पुढच्या मार्चला निवडून येशील असं वाटतं का तुला?" मी म्हटलं, नाही वाटत. आणि ते खरं होतं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी टोचलं.

आज सकाळी चौतीस सह्या डोरीनच्या टेबलावर ठेवल्या. तिने एकेक नाव यादीत तपासलं, शिक्का मारला.

"बरं," म्हणाली. हे 'बरं' चांगलं होतं.

२६ मार्च, गुरुवार

नोटीस लावली. अठ्ठावीस एप्रिल, मंगळवार, संध्याकाळी साडेसात, टाऊन हॉल. गोठ्याची कामं उरकल्यावर. कलम एक, फक्त एक. डोरीनने विचारलं, जेवणाचं काय लिहू? म्हटलं, जेवण नाही, कॉफी आणि पाई, आणि पाई मी करणार.

पास होईल की नाही, सांगता येत नाही. मार्सेल म्हणतो, होईल. नॉर्मन म्हणतो, होणार नाही, आणि तो पाई खायला नक्की येणार आहे. सभेच्या सुरुवातीला मी उभी राहून क्रमाचं सांगणार आहे, सगळ्यांसमोर, एकदाच. काल भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं, आरसा पुसून ठेवला.

वेंडेल सोमवारपासून माझ्याकडे आहे. बर्फ वितळून टेकडीचा रस्ता चिखलात गेलाय, रस्त्यांच्या मुकादमाने दोरी बांधून बंद केला, दहा दिवस तरी गाडी जायची नाही. दर वर्षी हे दिवस तो वर एकटा काढतो, डबाबंद मासे खाऊन. यंदा मी बोलावलं आणि तो आला. तोंडाने बोलावलं, नोटीस काढून नाही. तो मोठ्याने घोरतो. रॉइसच्या खोकल्यापेक्षा वाईट आहे. मी लवकर झोपते.

दुकानाच्या ओट्यावर मी टाचणी टोचत होते तेव्हा तो मागे उभा होता. चष्मा काढला, नोटीस वरून खालपर्यंत वाचली, चार ओळी असूनसुद्धा. चष्मा खिशात ठेवला.

"या वेळी हात कोणत्या बाजूने वर करणार?" मी विचारलं.

"ते त्या दिवशी बघू," म्हणाला. "पण अनुमोदनाला तू तोंड उघडू नकोस. ते माझं काम आहे."

घरी आल्यावर सूप टाकलं, चार वाट्या. ते होईपर्यंत वेंडेल खोलीत गेला आणि त्याने हाक मारली. पलंगाचं एक टोक त्याने धरलं होतं. मी दुसरं धरलं. आम्ही तो पुन्हा खिडकीकडे फिरवला.

मग जेवलो. टीव्ही लावायचा राहून गेला.